चौदाशे चोपन्नचा सत्कार

दोन हजार चोवीस साल. मी शहात्तर वर्षांचा होतो, गुडघे सोडले तर ठणठणीत, आणि माझा मुलगा सिडनीतल्या एका युनिव्हर्सिटीत चौदाशे चोपन्न शिकवत होता.

हे असंच सांगावं लागतं. आमच्या वेंटवर्थव्हिलच्या दुकानांपाशी कुणी मराठी माणूस भेटला की पहिल्यांदा विचारतो, मुलगा काय करतो. त्याचा स्वतःचा एखाद्या बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये असतो, नाहीतर पूल बांधणाऱ्या कंपनीत. मी सांगतो, प्रोफेसर आहे. कशाचा? चौदाशे चोपन्नचा. एकाला वाटलं वर्गाचा नंबर आहे. एक बाई म्हणाल्या, "टॅक्सचा फॉर्म असतो का हो तो?" मी म्हणालो, बाई, साल आहे. इटली, जर्मनी, तिकडं त्या एका सालात कुणी काय लिहिलं, कुणी काय वाचलं, ते शिकवतो. मग समोरचा माणूस "अरे वा" म्हणतो आणि मेथीच्या जुड्या चाळायला लागतो.

मी स्वतः पाचवीपर्यंत शिकलो. सहावीची पुस्तकं आणली होती, पण वडील गेले आणि मी वर्कशॉपात चिकटलो. सगळी उमर फिटरकीत गेली. मराठी वाचतो, ओळीखाली बोट ठेवून वाचतो, पण पूर्ण वाचतो. इंग्रजी कानाला जेवढं लागतं तेवढं. हे लिहिलंय तेही मीच. सुनेनं फक्त ऱ्हस्वदीर्घ बघितलं.

मुलाला मी इंजिनिअर हो म्हणालो होतो. तो इतिहास घेऊन बसला. नंतर इथं शिकायला आला, गोडाऊनात खोकी उचलली, हॉटेलात भांडी घासली, आणि शिकत शिकत इथलाच झाला. त्याची आई गेली तेव्हा तो मला न्यायला आला. परत येताना विमानात झोप येईना म्हणून मी त्याला एकदाचं विचारलं.

"एवढा इतिहास पडलाय आणि तू एकच साल का धरून बसलास?"

तो म्हणाला, "अण्णा, आदल्या साली पूर्वेकडचं एक मोठं शहर तुर्कांनी घेतलं, त्यावर सगळे बोलतात. पुढं छापखाने आले, त्यावरही सगळे बोलतात. मधलं हे साल कुणी विचारत नाही. काही घडलंच नाही म्हणतात. मला बघायचीत ती माणसं, ज्यांना पुढं काय येतंय ते ठाऊक नव्हतं."

"त्या साली आपल्याकडं काय चाललं होतं?"

"आपल्याकडचं फार थोडं उरलंय. उरलंय त्यावर साल क्वचित."

"असेल कुठंतरी. तुम्हाला सापडलं नसेल."

तो हसला. त्याची आई गेल्यानंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं ते तिथं, विमानात.

मग इथं रविवारी जेवताना तो कधी कधी सांगायचा. त्या काळी इटलीतल्या एका गावात एक पुस्तकविक्या होता, हाताखाली लिहिणारे बाळगून. कुणी राजा-सरदार पुस्तक मागायचा आणि हे महिनोन्‌महिने बसून हातानं उतरवायचे. शहर पडलं म्हणून तिकडून पळालेले ग्रीक पंडित काखेत पोथ्या मारून इटलीत येत होते, आणि शिकवण्या धरून पोट भरत होते. आणि जर्मनीत एका माणसानं धातूची अक्षरं पाडून छापायला सुरुवात केली होती. मी म्हणालो, "मग त्यानं पहिलं काय छापलं? काव्य?" मुलगा म्हणाला, "त्या सालचे जे छापील कागद आज सापडतात ना अण्णा, ते पापाच्या माफीचे आहेत. तुर्कांशी लढायला म्हणून चर्चला दान द्यायचं आणि हा कागद घ्यायचा. मजकूर छापलेला, आणि नाव भरायला जागा मोकळी."

"म्हणजे फॉर्म!" मी म्हणालो.

"फॉर्मच."

त्या बाजारातल्या बाईला मी हे दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात ते अगदीच चूक नव्हतं म्हणून. तिला काही आठवेना.

जुलैत, इथल्या थंडीच्या ऐन मध्यात, मुलगा बोलायचा बंद झाला. तसा तो बोलका नाहीच, पण आता विचारल्यावर मान हलवायचा तीही निम्मी. जेवताना फोन उलटा घालून ठेवायचा. सून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिची शिफ्ट संपवून ती आली आणि ओट्यापाशी भाजी चिरता चिरता तिनं मला सांगितलं.

"अण्णा, त्यांचा विषय बंद करतायत. पोरं कमी येतात म्हणून. विषय गेला की जागाही जाईल."

"कधी?"

"सेमिस्टरच्या शेवटी ठरणार म्हणतात. तुम्ही काही बोलू नका. मी सांगितलं असं तर मुळीच नको."

मी त्याच संध्याकाळी बोललो. घरात एवढी गोष्ट दडवून ठेवायची आणि बापानं टीव्ही बघत बसायचं, हे मला जमत नाही.

"पोरं का येत नाहीत?"

त्यानं बायकोकडं बघितलं. तिनं माझ्याकडं. तो म्हणाला, "त्यातून नोकरी मिळत नाही, अण्णा."

"तुला मिळाली की."

"आता मलाच राहते का नाही बघायचं."

"मग पोरं आण."

"मी कुठून आणू? ती काय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात?"

नात तेव्हा अकरावीत होती, कानात त्या पांढऱ्या गोळ्या घालून सोफ्यावर पडलेली. ती एक गोळी काढून म्हणाली, "आजोबा, इट्स नॉट डॅड्स फॉल्ट. नोबडी डज ह्युमॅनिटीज." आणि गोळी परत घातली.

मी रात्रभर वगैरे काही विचार केला नाही. मला तिथल्या तिथं कळलं होतं काय करायचं ते. आमच्या वर्कशॉपचा गणपती असायचा, त्याची व्याख्यानमाला असायची. मोठमोठे वक्ते यायचे आणि मांडवात खुर्च्या रिकाम्या. मग कमिटीचा अध्यक्ष माझ्याकडं बघायचा. मी क्वार्टर्समध्ये शिरायचो, दारं वाजवायचो, म्हातारे, बायाबापड्या, सुट्टीवरचे ड्रायव्हर, सगळे उचलून आणायचो. वक्ता पाणी पिऊन मान वर करेपर्यंत मांडव भरलेला. मग तोच वक्ता वाघासारखा बोलायचा. ऐकणारा असला की बोलणाऱ्याची किंमत वाढते, आणि ती लांबून बघणाऱ्यालाही दिसते. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्या इथं ज्येष्ठांचा एक घोळका आहे. सकाळी बागेत फिरतो, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसतो. त्यातला पुढारी म्हणजे एक निवृत्त कॅशियर, पुण्याचे, मुलीकडं राहतात. ते मला फिटर म्हणतात, मी त्यांना कॅशियर. त्यांना बागेच्या बाकावर गाठलं.

"चौदाशे चोपन्न?" ते म्हणाले. "फिटर, मला काल काय जेवलो ते आठवत नाही."

"ऐकायचंय फक्त. आठवायचं नाही."

"इंग्रजीत?"

"तुम्ही आयुष्यभर इंग्रजीत सह्या केल्यात ना?"

"सह्याच केल्यात हो. वाचलं कुठं काय."

पण आले. डबे घेऊन आले. दोन ट्रेन बदलून, वाटेत चकल्या खात, तीन बाया आणि चार-पाच बाप्ये. मुलानं परवानगी दिली होती, म्हणजे मी मागितली आणि तो नको म्हणायला दमला होता. "मागं बसा," एवढंच म्हणाला. आम्ही पुढं बसलो. मागून मला ऐकू येत नाही.

वर्ग पायऱ्यापायऱ्यांचा होता, दोनशे माणसं मावतील असा. त्यात मोजकीच पोरं, इकडं एक तिकडं एक, एस.टी.त लोक एकेकटे खिडक्या पकडून बसतात तशी. एक मुलगी निळे केस रंगवलेली. एक पोरगा डोळे मिटून. मुलगा आला, आमच्याकडं बघितलं, पाणी प्याला.

त्या दिवशी तो सांगत होता ते थोडं मला कळलं, थोडं कॅशियर कानात सांगत होते. जर्मनीतल्या एका गावी मोठा बाजार भरला होता. तिथं कुणीतरी छापलेली पानं दाखवायला आणली. अक्षर असं ठळक आणि सरळ, की चष्म्याशिवाय वाचता यावं. एक धर्माधिकारी ते बघून थक्क झाला आणि पुढच्या वर्षी त्यानं आपल्या ओळखीच्याला पत्रात ते कळवलं. बस, एवढीच खबर. बाकीचे त्या बाजारातून कापड आणि मिरी घेऊन घरी गेले.

आमच्यातल्या एका बाईंनी हात वर केला. सोलापूरच्या, नवरा गेलेला, मुलाची पोरं सांभाळतात. माझ्या मुलानं मान हलवल्यावर त्या सरळ मराठीत म्हणाल्या, "आणि ते हातानं लिहिणारे? त्यांचं पुढं काय झालं?"

मुलगा थबकला. मग त्यानं तो प्रश्न इंग्रजीत सगळ्यांना सांगितला, आणि उत्तर आधी इंग्रजीत आणि मग आमच्यासाठी मराठीत दिलं. म्हणाला, त्या साली त्यांना काहीच झालं नाही. उलट काम वाढलं होतं. पुस्तकं छापून यायला लागल्यावरही काही श्रीमंत लोक ती कपाटात ठेवायला लाजत, हातचंच मागत. पुढं काही जण छापखान्यात प्रुफं तपासायला लागले. काही मरेपर्यंत लिहीतच राहिले. "बहुतेकांचं काय झालं ते माहीत नाही," तो म्हणाला. "नावं नाहीत. शेवटच्या पानावर कुणीतरी एवढंच लिहितो की हात दुखतोय, थंडी आहे, संपलं एकदाचं."

डोळे मिटलेल्या पोरानं डोळे उघडले होते. निळ्या केसांची मुलगी भराभर लिहीत होती, आणि तास संपल्यावर ती आमच्या सोलापूरच्या बाईंशी बोलायला आली. दोघींना एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं. दोघींनी चकली खाल्ली.

ते सबंध सेमिस्टर आम्ही गेलो. गुडघ्याला पट्टा बांधून मी गेलो, कॅशियर शुगर वाढलेली असताना गेले. मुलगा घरी बोलायला लागला. इस्त्रीचा शर्ट घालायला लागला. एकदा सुनेनं मला चहा देताना कपाच्या शेजारी दोन बिस्किटं जास्त ठेवली. मी छाती काढून चालायचो बाजारातून. का चालू नये? शेवटी सांगायचं तर मुलगा पुढं बोलत होता, आणि समोर माणसं होती.

ऑक्टोबर संपत आला, जॅकरांडाची फुलं पडून युनिव्हर्सिटीच्या वाटा जांभळ्या झाल्या, आणि सुनेनं परत एकदा ओट्यापाशी गाठलं.

"शेवटच्या तासाला त्यांच्या विभागप्रमुख येणार आहेत. तास झाल्यावर हे त्यांच्याशी बोलणार. एक वर्ष आणखी द्या म्हणून. अर्ध्या पगारावर चालेल म्हणणार आहेत. सगळं कागदावर लिहून ठेवलंय, रोज आरशासमोर म्हणतायत."

"एकच वर्ष?"

"एका वर्षात पुस्तक पूर्ण होतं त्यांचं. पुस्तक असलं की दुसरीकडं तरी विचारतात. नाहीतर ह्या वयात कुठं जातील? अण्णा, त्या दिवशी जरा कमी माणसं आणा."

कमी माणसं! मी मनात म्हणालो, पोरी, आता तर चुकूनही कमी आणणार नाही. ती बाई येणार, बघणार, तर तिला दिसू दे हा कोण आहे. कागद वाचून कुणी कुणाला वर्ष देत नाही. माणसाचा मान दिसला पाहिजे. सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, कुंकवाचा टिळा, आणि दोन शब्द इंग्रजीत. समोरच्याच्या अंगावर शाल पडलेली बघितल्यावर त्याला नाही म्हणायची कुणाची छाती होईल?

कॅशियरना सांगितलं तर ते चालता चालता थांबले.

"फिटर, सत्कार नको."

"का?"

"मला बँकेत ज्या दिवशी शाल मिळाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर दुसरा बसला होता."

"तुमचं वय झालं होतं. तो निरोप होता. हा गौरव आहे."

"बघणाऱ्याला काय कळतं? शाल ती शाल."

"तुम्ही भाषण करणार का नाही, तेवढं सांगा."

ते परत चालायला लागले. मग म्हणाले, "करतो. पण लिहून आणणार, तोंडी नाही."

शाल साडीच्या दुकानात मिळाली, जांभळी, किनार चांगली. नारळानं जीव घेतला. इथं नारळ मिळतात ते गुळगुळीत, शेंडी काढलेले. सत्काराच्या नारळाला शेंडी नको? किराणावाला म्हणाला, "अंकल, नारियल तो नारियल है, अंदर से सब एक." मी म्हणालो, "बाहेर से देना है, अंदर से नहीं." हसला, आणि आतून देवाच्या फोटोपुढचा स्वतःचा नारळ काढून दिला, शेंडीवाला. पैसे घेईना.

शेवटचा तास. विभागप्रमुख बाई दाराशेजारी बसल्या होत्या. माझ्याहून वयानं कमी, पांढरे केस आखूड कापलेले, गळ्यात मोठे मणी. चेहरा थकलेला. आम्ही झाडून सगळे आलो होतो, पुढच्या रांगा पुरल्या नाहीत म्हणून मी चार पायऱ्या वर बसलो होतो, नऊवारी नेसून एक आजीही आली होती, आणि पोरंही नेहमीपेक्षा जास्त होती. मुलाच्या बॅगेत ते कागद होते, मला निळी फाइल दिसत होती. तो छान बोलला. त्या सालातल्या माणसांना आपण कुठल्यातरी मोठ्या गोष्टीच्या उंबऱ्यावर उभे आहोत हे वाटत नव्हतं, दमल्यासारखं वाटत होतं, शहर पडल्याचं दुःख होतं, असं काहीतरी म्हणाला. बाईंनी मान हलवली.

टाळ्या झाल्या. मी कॅशियरना कोपर मारलं.

ते उठले, कागद धरला, बँकेतल्या आवाजात म्हणाले, "वी, द सीनियर सिटिझन्स, आर प्लीज्ड टू फेलिसिटेट." मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी पुढं गेलो. पायऱ्यांवर गुडघा करकरला, पण गेलो. नऊवारीतल्या आजीनं टिळा लावला, मी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. त्याच्या कानाशी म्हणालो, "आता बोल तिच्याशी." पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती, फोन काढून फोटो घेत होती. निळ्या केसांची मुलगी रडत होती. मला वाटलं, आनंदानं.

मग विभागप्रमुख बाई उठल्या. डोळे पुसत पुढं आल्या आणि सगळ्यांकडं तोंड करून बोलल्या. हळू, स्पष्ट. मला बरंचसं लागलं. ब्युटिफुल म्हणाल्या, कम्युनिटी म्हणाल्या. इतक्या वर्षांचं काम म्हणाल्या. हे कसं सांगावं याचं मला ओझं होतं, म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या की इतकं देखणं फेअरवेल त्यांनी या इमारतीत कधी पाहिलं नाही.

फेअरवेल मला कळतं. वर्कशॉपात दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं असायचं.

मी मुलाकडं बघितलं. बॅग खुर्चीवर होती, हातभर अंतरावर. एका हातानं त्यानं नारळ छातीशी धरला होता आणि दुसऱ्यानं घसरणारी शाल. बाईंनी हात पुढं केला. त्यानं नारळ डाव्या हातात घेतला, हात मिळवला आणि म्हणाला, "थँक यू."

निळी फाइल बॅगेतच राहिली.

परतीच्या ट्रेनमध्ये आमचा घोळका पुढच्या डब्यात बसला. कॅशियर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले, मी तो झटकला. मुलगा आणि मी समोरासमोर. शाल त्यानं घडी करून मांडीवर घेतली होती.

"बोलला का नाहीस?"

"काय बोलणार?"

"जे लिहून आणलं होतंस ते."

त्यानं मांडीवरच्या शालीची किनार सरळ केली. मग म्हणाला, "शाल अंगावर घेऊन मागायचं कसं, अण्णा? मागितलं असतं तर सगळ्यांसमोर तुमचा सत्कार खोटा ठरला असता."

"मला काय धाड भरली होती? ठरू द्यायचा."

"तुम्ही पायऱ्या उतरून आला होतात," तो म्हणाला. एवढंच.

घरी सुनेनं दार उघडलं, शाल बघितली, आणि तिला विचारावं लागलं नाही. ती मला काही बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं. ताटं वाढली, माझ्या ताटात वरण वाढलं, आणि आत निघून गेली. नात मात्र बोलली. "आजोबा, यू न्यू. मम टोल्ड यू. ही जस्ट वॉन्टेड वन इयर." मी म्हणालो, "मराठीत बोल." ती म्हणाली, "मराठीत पण तेच आहे."

लोक नंतर मला म्हणाले, चुकलं तुमचं. मी त्यांना सांगतो, माझ्या मुलाचा सत्कार मी केला आणि तो सत्काराच्या लायकीचा होता. शाल बघून निरोप आठवणारे लोक असतील, त्याला मी काय करू? पण त्या संध्याकाळी मुलाच्या खोलीचं दार बंद होतं, आतून पुस्तकं खोक्यात टाकल्याचा आवाज येत होता, एकेक, धप्प करून. तो आवाज मला बसू देईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी उठायच्या आत मी अंघोळ केली, काळी टोपी घातली, आणि नातीच्या दारावर टकटक केली. तिच्याकडून एक इंग्रजी वाक्य घोटून घेतलं. ती डोळे चोळत चार-पाचदा म्हणाली, मी म्हणालो. मग दोन ट्रेन बदलून एकटाच युनिव्हर्सिटीत गेलो आणि विभागप्रमुख बाईंच्या ऑफिसबाहेर बसलो. त्या आल्या, मला बघून दचकल्या, आत नेलं, खुर्ची दिली.

मी बसलो नाही. म्हणालो, "यस्टरडे वॉज नॉट फेअरवेल. दॅट इज रिस्पेक्ट. माय सन वॉन्ट्स वन मोर इयर."

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, आय ॲम सो सॉरी. पुढं बरंच बोलल्या, हळूहळू, एकेक शब्द. डिसिजन म्हणाल्या. लास्ट मंथ म्हणाल्या.

"बिफोर?" मी विचारलं. शालीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना. मी दोन्ही हात खांद्यावरून फिरवून दाखवलं. "बिफोर धिस?"

"यस," त्या म्हणाल्या. "बिफोर. लाँग बिफोर."

म्हणजे त्यानं ते कागद काढले असते तरी उत्तर हेच होतं. माझ्या शालीनं काही बिघडलं नव्हतं, आणि घडायचं तर नव्हतंच. एवढी माणसं दोन दोन ट्रेन बदलून आणली, सबंध सेमिस्टर आणली, आणि त्यातला शेवटचा महिनाभर तिकडं कपाटात निकाल लागलेला पडून होता.

बाई म्हणाल्या, त्याला आज ईमेल जाईल, त्यात सगळं आहे.

"नो ईमेल," मी म्हणालो. "यू कम. माय हाऊस. यू टेल हिम. लास्ट मंथ. यू टेल."

त्या म्हणाल्या, आज मीटिंगा आहेत.

मी खुर्ची ओढली, बसलो, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणालो, "आय वेट."